दम कुठं लागतो, ते सांगा

मी अमरावती आणि अकोला जिल्ह्यांच्या सीमेवरच्या गावांत बचत गटांची समन्वयक म्हणून काम करते. या कार्यक्रमात आजवर मी कर्ज, हप्ते, व्याज, बँकेचे कागद यांवरच बोलत आले. आज एका तपासणीच्या इतिहासावर बोलणार आहे. बी.ए.ला माझा विषय इतिहास होता, हे एक कारण. दुसरं कारण म्हणजे आमच्या एका गटाच्या इतिवृत्त वहीतलं एक पान.

खारपाणपट्ट्यातलं गाव. कापसाची पहिली वेचणी सुरू होती. महिन्याच्या सभेत गटातल्या एका काकूंनी दोन हजारांचं अंतर्गत कर्ज मागितलं. त्यांचं नाव मी घेत नाही. त्या म्हणाल्या, "मले डॉक्टरनं पट्ट्यावर चालाची तपासनी सांगतली हाये. गाठोडं घेऊन धुऱ्यावर चढली का छातीत गच्च होते. उभी रायली का बरं वाटते." कोणीतरी विचारलं, "ईसीजी काढला ना वो काकू?" त्या म्हणाल्या, "काढला, तो तं चांगला आला." मग काय, सगळ्यांचं मत झालं की ईसीजी चांगला आहे, म्हणजे आजार नाही; आजार नाही तर कर्ज कशाला? "ग्यास असन," असं एकीनं म्हटलं आणि सगळ्या हसल्या. काकू स्वतःच म्हणाल्या, "राहू द्या. कापूस विकला का पाहू." वहीत लिहिलं गेलं: ईसीजी नॉर्मल असल्याने कर्जाचा विचार पुढील सभेत करावा.

पुढच्या सभेत काकूंनी विषय काढला नाही आणि आम्हीही काढला नाही. संक्रांतीच्या आधी, वेचणीहून परतताना त्या धुऱ्यावर टेकल्या त्या उठल्याच नाहीत. त्या कशानं गेल्या हे कोणी तपासलं नाही, म्हणून हृदयानंच गेल्या असं मी सांगणार नाही. पण त्या सभेत मी हजर होते, आणि गप्प होते. झोपून काढलेला ईसीजी आणि चालता चालता काढलेला ईसीजी यांत काय फरक असतो, हे मला माहीत नव्हतं. नंतर मी ते वाचलं, डॉक्टरांना विचारलं. तेच आज तुम्हाला सांगते.

आधी साधी गोष्ट. आपल्या गावात व्होल्टेज कमी असलं तरी घरातला दिवा लागतो. दिवा पाहून वाटतं, लाईन ठीक आहे. पण विहिरीवरची मोटर चालू करायला गेलं की ती नुसती गुरगुरते, पाणी ओढत नाही. हृदयाचं तसंच आहे. हृदय हा रक्त ढकलणारा स्नायू आहे आणि त्याला स्वतःलाही रक्त लागतं. ते रक्त आणणाऱ्या नळ्या निम्म्याहून जास्त बुजल्या तरी माणूस झोपलेला किंवा बसलेला असताना तेवढं रक्त पुरतं. त्या वेळी काढलेला ईसीजी चांगला येऊ शकतो. डोक्यावर गुंड घेऊन चढ चढला की हृदयाला जास्त रक्त हवं असतं. तेव्हा नळी पुरी पडत नाही आणि छाती आवळते, दम लागतो. उभं राहिलं की मागणी कमी होते आणि बरं वाटतं. काकूंनी हेच सांगितलं होतं.

ताकद आणि दम यांची मोजणी आपल्याकडे जुनीच आहे. व्यायाम अर्ध्या ताकदीपर्यंतच करावा, असं आयुर्वेदाचे जुने ग्रंथ सांगतात. ही अर्धी ताकद ओळखायची कशी, याची खूणही सुश्रुतानं दिली आहे. व्यायाम करताना श्वास तोंडावाटे येऊ लागला की अर्धी ताकद संपली असं समजावं. म्हणजे शरीराला काम देऊन त्याची मर्यादा पाहायची, ही कल्पना काही परदेशातून आलेली नाही. पण दम लागण्यामागे हृदयाचा आजार आहे की नुसता थकवा, हे वेगळं काढायला पुढे बरीच शतकं जावी लागली.

छातीच्या या दुखण्याचं नीट वर्णन लंडनच्या विल्यम हेबर्डन नावाच्या डॉक्टरांनी केलं. १७६८ साली त्यांनी त्यावर व्याख्यान दिलं आणि १७७२ साली ते छापून आलं. चालताना, विशेषतः चढ चढताना आणि जेवणानंतर लगेच चालताना छातीत आवळल्यासारखं होतं, आणि थांबलं की ते जातं, असं त्यांनी लिहिलं. त्यांच्याकडे ना ईसीजी होता, ना रक्ताची तपासणी. रुग्ण काय सांगतो ते त्यांनी ऐकलं, एवढंच. त्यांनी आणखी एक नोंद केली आहे. एका रुग्णानं रोज अर्धा तास लाकूड करवतीनं कापायचा नेम धरला आणि तो जवळजवळ बरा झाला. बेताचा व्यायाम हृदयाचं औषधही होऊ शकतो, याची ही फार जुनी नोंद आहे.

हेबर्डन यांच्या लिखाणातली एक ओळ मात्र मला खटकली. असे सुमारे शंभर रुग्ण आपण पाहिले आणि त्यांत बायका फक्त तीन होत्या, असं त्यांनी लिहिलं आहे. बायकांना हा आजार होत नव्हता, की त्या डॉक्टरांपर्यंत पोचतच नव्हत्या? या प्रश्नाकडे मी पुन्हा येणार आहे.

हृदयाची वीज कागदावर उतरवणारं यंत्र नेदरलँड्समधल्या विलेम आइंटहोवेन यांनी १९०३ च्या सुमारास तयार केलं. ते यंत्र जवळपास २७० किलोचं होतं आणि चालवायला पाच माणसं लागत. रुग्ण खुर्चीवर बसून हात आणि पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून ठेवायचा, कारण मिठाच्या पाण्यातून वीज चांगली वाहते. यंत्र दवाखान्यात नेता येत नव्हतं, म्हणून आइंटहोवेन यांनी १९०५ मध्ये दीड किलोमीटरवरच्या रुग्णालयातल्या रुग्णाचा आलेख तारेवरून प्रयोगशाळेत आणून दाखवला. १९२४ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. आज तेच काम ब्रीफकेसएवढं मशीन करतं.

हे यंत्र आलं खरं, पण रुग्ण निवांत असताना आलेख काढला तर चालताना होणारा त्रास त्यात कसा दिसणार? १९२८ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरात फाइल आणि सीगल या डॉक्टरांनी छातीत दुखणाऱ्या रुग्णांना झोपून उठून बसण्याचा व्यायाम करायला लावला आणि आलेख काढला. दुखायला लागलं तसा आलेख बदलला, आणि विश्रांती घेतल्यावर पुन्हा पहिल्यासारखा झाला. लपलेला आजार कागदावर दिसू लागला.

पुढच्याच वर्षी, १९२९ मध्ये, न्यूयॉर्कचे डॉ. आर्थर मास्टर आणि त्यांचे सहकारी ओपेनहायमर यांनी दोन पायऱ्यांची परीक्षा काढली. नऊ नऊ इंच उंचीच्या लाकडी पायऱ्या असत. एका बाजूनं चढायचं, दुसऱ्या बाजूनं उतरायचं, वळून पुन्हा चढायचं, असं दीड मिनिट. किती फेऱ्या करायच्या हे वय, वजन आणि स्त्री की पुरुष यावर ठरलेलं असे आणि त्याचे तक्तेच छापलेले होते. सुरुवातीला फक्त नाडी आणि रक्तदाब पाहत. पुढे १९४० च्या दशकात त्याला ईसीजीची जोड मिळाली. घरातल्या ओट्यासारख्या दोन पायऱ्या, एवढ्याच सामानावर ही परीक्षा अनेक वर्षं जगभर चालली.

अमरावतीत पायऱ्या, दंड-बैठका आणि दम यांची गोष्ट निघाली की श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं नाव येतंच. वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये स्थापन केलेल्या या संस्थेचं पथक १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळ दाखवायला गेलं होतं. तिकडे अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ मध्ये, हार्वर्डची पायरी-परीक्षा आली. २० इंच उंच पायरीवर मिनिटाला ३० वेळा, पाच मिनिटांपर्यंत चढ-उतार करायचा आणि मग नाडी किती लवकर खाली येते ते मोजायचं. शारीरिक शिक्षण शिकणाऱ्या मुला-मुलींना ही परीक्षा आजही माहीत असते. पण ती धडधाकट तरुणांसाठी होती. आखाड्यातली परीक्षा ताकद किती आहे ते पाहते, आणि डॉक्टरांची परीक्षा त्रास नेमका कुठे सुरू होतो ते पाहते. म्हणून आजारी माणसानं पहिली परीक्षा आपल्या मनानं करू नये.

आज आपण जिला टीएमटी किंवा स्ट्रेस टेस्ट म्हणतो, तिला सध्याचं रूप दिलं अमेरिकेतल्या सिएटल शहराच्या डॉ. रॉबर्ट ब्रूस यांनी. पायऱ्यांच्या परीक्षेत एक अडचण होती. काहींना ती फार सोपी जाई, काहींना फार जड, आणि चालू असताना आलेख घेता येत नसे. ब्रूस यांनी फिरता पट्टा घेतला, ज्याला इंग्रजीत ट्रेडमिल म्हणतात. या शब्दाचा इतिहासही कडू आहे. १८१८ पासून इंग्लंडच्या तुरुंगांत कैद्यांना शिक्षा म्हणून पायानं फिरवायला लावलेलं भलंमोठं चाक, तेच मूळचं ट्रेडमिल. शिक्षेचं ते साधन पुढे दवाखान्यात आलं.

१९६३ मध्ये ब्रूस यांनी टप्प्याटप्प्यांची पद्धत मांडली आणि ती बहुतेक ठिकाणी आजही तशीच वापरतात. पहिली तीन मिनिटं ताशी २.७ किलोमीटरचा वेग, म्हणजे रमतगमत चालणं. पण पट्टा १० टक्के चढाचा असतो. १० फूट पुढे गेलं की १ फूट वर. दर तीन मिनिटांनी वेगही वाढतो आणि चढही. छातीवर तारा लावलेल्या असतात, दंडाला रक्तदाबाचा पट्टा असतो, समोर आलेख उमटत असतो. आलेख बदलला, छाती दुखली, रक्तदाब पडला, चक्कर आली, किंवा तुम्ही थांबा म्हणालात, की पट्टा थांबवतात.

पट्ट्यावरच काही झालं तर, हा प्रश्न मला गावोगावी विचारतात. १९७१ मध्ये अमेरिकेत सुमारे १,७०,००० तपासण्यांची माहिती गोळा केली होती. दर १०,००० तपासण्यांमागे सुमारे एक मृत्यू, असं त्यात दिसलं. धोका थोडा आहे, पण आहे. म्हणून ही तपासणी डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि आणीबाणीची सोय असलेल्या ठिकाणीच करायची असते. आणि बसल्या जागी छातीत दुखत असेल, घाम फुटला असेल, तर ती वेळ टीएमटीची नसते. तेव्हा १०८ ला फोन करायचा आणि रुग्णालय गाठायचं.

हृदयाच्या रुग्णाला चालवायचं, ही गोष्ट डॉक्टरांनाही सहज पटली नव्हती. हृदयविकाराचा झटका आला की सहा सहा आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवायचं, अशीच रीत होती. १९५२ मध्ये अमेरिकेतल्या लेव्हिन आणि लाउन या डॉक्टरांनी रुग्णांना लवकर खुर्चीत बसवायला सुरुवात केली, तेव्हा त्यांच्यावर टीका झाली. पण बसवलेले रुग्ण बरे होत होते. १९५३ मध्ये लंडनच्या जेरी मॉरिस यांनी दुमजली बसवरच्या माणसांचा अभ्यास छापला. दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा दिवसभर जिना चढ-उतार करणाऱ्या कंडक्टरांमध्ये हृदयविकार कमी होता. १९५५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना झटका आला. त्यांच्या डॉक्टरांनी त्यांना हळूहळू चालायला लावलं, आणि ते पुन्हा कामावर आले. मग जगाची भीती कमी झाली.

आता बायकांच्या प्रश्नाकडे येते.

आपल्याला जवळचं उदाहरण कस्तुरबांचं. आगाखान पॅलेसमधल्या कैदेत त्या हृदयाच्या आणि श्वासाच्या दुखण्यानं खंगल्या आणि २२ फेब्रुवारी १९४४ रोजी गेल्या. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. गिल्डर आणि डॉ. सुशीला नायर त्यांच्याबरोबर तिथेच कैदेत होते. म्हणजे चांगले डॉक्टर उशाशी होते. पण बुजलेली नळी पाहण्याची आणि उघडण्याची सोय तेव्हा जगातच नव्हती. नळ्यांचा फोटो काढणारी अँजिओग्राफी १९५८ मधली, बायपासची रीत १९६७ मधली आणि फुग्यानं नळी उघडणारी अँजिओप्लास्टी १९७७ मधली. हे उपाय आल्यावर पट्ट्यावरच्या तपासणीचं महत्त्व वाढलं, कारण आता आजार सापडला तर त्यावर काही करता येऊ लागलं.

पण ते कोणासाठी? लंडनच्या बसच्या अभ्यासात सगळे पुरुष होते. १९६४ मध्ये अमेरिकेच्या हृदयरोग संघटनेनं महिलांसाठी पहिली परिषद भरवली. तिचं नाव काय होतं ठाऊक आहे? 'हृदय आणि नवरे'. नवऱ्याच्या हृदयाची काळजी कशी घ्यायची, ते बायकांना शिकवायला ती परिषद होती! बाईलाही हृदय असतं, हे त्या मांडवात कोणाच्या मनात आलं नसावं.

पट्ट्यावरच्या तपासणीचंही असंच झालं. बायकांचा आलेख पुष्कळदा आजार नसतानाही बदललेला दिसतो, म्हणजे तपासणी उगाच भीती घालते, असं डॉक्टरांच्या लक्षात आलं. त्यावरून बायकांसाठी ही तपासणी भरवशाची नाही, असं म्हटलं जाऊ लागलं आणि त्यांना पाठवणंच कमी झालं. १९९१ मध्ये डॉ. बर्नाडीन हीली यांनी स्पष्ट लिहिलं की बाईला आपला आजार पुरुषासारखाच आहे हे आधी सिद्ध करावं लागतं, तेव्हा कुठे तिला पुरुषासारखे उपचार मिळतात. शिवाय बाईचा त्रास दर वेळी छातीतच दुखून येतो असं नाही. दम लागणं, जबडा, पाठ किंवा हात दुखणं, मळमळणं, नेहमीच्या कामानंच गळून जाणं, असाही तो येतो. मग घरचे म्हणतात गॅस झाला, आणि आपणही म्हणतो गॅस झाला.

हे चित्र बदललं ते बायकांचीच मोजणी केल्यावर. शिकागोमध्ये १९९२ साली ज्यांना काहीच त्रास नाही अशा ५,७२१ बायकांना पट्ट्यावर चालवलं आणि पुढे त्यांची प्रकृती पाहत राहिले. डॉ. मार्था गुलाटी आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये त्याचे निष्कर्ष छापले. आलेख कसा आला, एवढंच पाहून भागत नाही. बाई किती वेळ आणि किती चढावर चालू शकली, यावरून तिच्या पुढच्या आयुष्याचा अंदाज येतो. चालण्याची क्षमता एका मापानं वाढली की मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी कमी दिसला. बसलेलं शरीर जेवढी शक्ती वापरतं, ते एक माप.

त्याच अभ्यासातून आणखी एक गोष्ट निघाली. हृदयाचे ठोके जास्तीत जास्त किती व्हावेत, याचं सरसकट गणित २२० मधून वय वजा करणं हे होतं. पन्नाशीच्या बाईला ते १७० सांगतं. पण बायकांच्या मोजणीवरून २०१० मध्ये आलेलं गणित वेगळं आहे: २०६ मधून वयाचे ८८ टक्के वजा करायचे. पन्नाशीला ते १६२ येतं. जुन्या मापानं काही बायका उगाच नापास होत होत्या. पुरुषाच्या मापाचा झंपर बाईला घातला, तर दोष झंपराचा की बाईचा?

आपल्या वऱ्हाडात हे सगळं कधी पोचलं? मोठी तपासणी म्हटलं की नागपूर, हे आमच्या आई-आज्यांच्या पिढीचं ठरलेलं होतं. अमरावतीत डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाचं वैद्यकीय महाविद्यालय १९८४ मध्ये निघालं. अकोल्याचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २००२ मधलं. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आधी आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत अमरावती होता. पुढच्या वर्षी ती राज्यभर आली आणि तिलाच आता महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणतात. हृदयाच्या शस्त्रक्रिया आणि अँजिओप्लास्टी त्यात बसतात. पण पहिल्या पायरीची तपासणी पुष्कळदा खिशातून करावी लागते, आणि आपल्या बाया अडकतात त्या या पहिल्या पायरीवरच. मोठ्या ऑपरेशनला गाव वर्गणी करतं. तपासणीला दोन हजार मागितले की हसतं. आम्ही हसलोच होतो.

पैसा हे एकच कारण नसतं. मी बायांना विचारलं तेव्हा निघालेली कारणं अशी: छातीला तारा लावतात म्हणजे पोलकं काढावं लागते, परक्या माणसासमोर धावाचं कसं, लुगडं पायात अडकन, आमच्या पायात तं चप्पल. यातल्या प्रत्येकावर उपाय आहे. तपासणीच्या खोलीत बाई तंत्रज्ञ किंवा नर्स असावी, असं आधीच सांगता येतं. पुढून उघडणारा गाऊन मिळतो, तो मागून घ्या. सलवार घालून जा, लेकीचे बूट मागून न्या. तपासणीच्या आधी दोन-तीन तास पोटभर जेवू नका. रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या त्या दिवशी घ्यायच्या की नाही, हे डॉक्टरांना विचारा, मनानं बंद करू नका. गुडघे चालू देत नसतील तर तेही सांगा. औषध देऊन करायच्या दुसऱ्या तपासण्या असतात. काही रुग्णांना डॉक्टर ३० मीटरच्या व्हरांड्यात सहा मिनिटं चालवून किती अंतर झालं ते मोजतात. तिला पट्टाही लागत नाही. १९८२ मध्ये फुप्फुसाच्या रुग्णांसाठी ती बसवली आणि १९८५ पासून अशक्त हृदयाच्या रुग्णांसाठीही वापरात आली.

आणि हेही सांगते, सगळ्यांनी उठून टीएमटी करायची नाही. ज्यांना काही त्रास नाही, त्यांना पॅकेजमध्ये आहे म्हणून ती करायची गरज नसते. टीएमटी चांगली आली म्हणजे जन्मभराची हमीही नसते. कोणाला ती लागते, हे डॉक्टर ठरवतील. पण डॉक्टर ठरवतील ते आपण सांगू त्यावरून.

म्हणून आपण सांगायला शिकलं पाहिजे. "कमजोरी वाटते" एवढं सांगितलं तर टॉनिक मिळतं. हेबर्डन यांना अडीचशे वर्षांपूर्वी नुसत्या ऐकण्यावरून जे कळलं, ते तुमच्या डॉक्टरांनाही कळेल, पण तसं सांगा. काय करताना त्रास होतो: गुंड आणताना, सालबर्डीची चढण चढताना, की बसल्या बसल्या? मागच्या दिवाळीला जे काम एका दमात होत होतं, त्यात आता किती वेळा थांबावं लागतं? थांबल्यावर किती मिनिटांत बरं वाटतं? दुखणं कुठं जातं? जेवणानंतर वाढतं का? रोजचं आपलं कामच आपली परीक्षा घेत असतं. निकाल मात्र आपण कोणाला सांगत नाही.

फक्त एक करू नका. हे ऐकून, बघू बरं दम लागतो का, म्हणून घरी जिन्यावर स्वतःची परीक्षा घेऊ नका.

काकू गेल्यानंतर दोन महिन्यांनी त्या गटाची सभा झाली. कर्जाच्या कारणांची यादी आमच्या वहीच्या पहिल्या पानावर असते: शेती, शिक्षण, आजारपण, लग्न, व्यवसाय. गटाच्या अध्यक्ष ताईंनी "आजारपण"च्या पुढे स्वतःच्या हातानं "आणि तपासणी" असं लिहिलं. तपासणीच्या कर्जाला पहिले तीन महिने व्याज नाही आणि पुढच्या सभेची वाट पाहायची नाही, असं ठरलं. तीन जणींच्या सह्यांवर दुसऱ्या दिवशी पैसे मिळतात. आतापर्यंत चौघींनी ते घेतले. तिघींचं काही निघालं नाही, आणि त्यांनी हप्ते फेडले. चौथीची टीएमटी अर्ध्यावर थांबवावी लागली. तिला पुढे पाठवलं, योजनेतून अँजिओप्लास्टी झाली. ती आता सभेला चालत येते आणि उशीर झाला की आम्हालाच रागावते.

ज्यांचं काही निघालं नाही त्या तिघींचे पैसे वाया गेले, असं गटात आता कोणी म्हणत नाही. तुमच्या गटाची वही या आठवड्यात उघडा, पहिलं पान पाहा. तपासणी हा शब्द नसेल, तर येत्या सभेत विषय मांडा. आणि कोणी म्हणालं, "ईसीजी तं चांगला आला ना," तर तिला विचारा, "झोपून काढला का चालताना?"